हरणे झाली फार!

हरीण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय काय उभे राहते ते पाहा. सीतामाईला भुरळ घालणारा कांचनमृग. सासरी निघालेल्या शकुंतलेचा पदर मागून ओढणारे कण्वाश्रमातले पाडस. शिवाय लग्नपत्रिकांपासून साड्यांच्या पदरांपर्यंत माना वळवून पाहणारी हरणे निराळीच. आता अशा या प्राण्याचा ‘उपद्रव’ होतो, त्याची संख्या कमी करण्यासाठी एखादी नगरपालिका पैसे मोजून नेमबाज बोलावते, असे मी आमच्या बार्शीत कुणाला सांगितले, तर ‘बाईंना परदेश मानवला नाही’ असेच लोक म्हणतील. पण ही गोष्ट अगदी खरी आहे, आणि ती अमेरिकेतल्या रानावनातली नसून चांगल्या सुखवस्तू उपनगरांतली आहे.

माझी लेक न्यू जर्सीत राहते. न्यूयॉर्कपासून आगगाडीने तासा-सव्वा तासावरचे गाव. घरापुढे हिरवळ, मागे परसदार, परसदाराला लागून झाडी आणि झाडीतून जाणारा ओढा. आजूबाजूला मराठी घरे बरीच. गणपतीत आरतीला चाळीस-पन्नास माणसे सहज जमतात. मी वर्षाआड तिथे जाते, कधी उन्हाळ्यात तर कधी हिवाळ्यात. सत्तावीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवल्यामुळे कुठेही गेले तरी झाडेझुडपे आणि प्राणी यांच्याकडे लक्ष जातेच. तिथे मात्र लक्ष मुद्दाम द्यावे लागत नाही. सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभे राहावे, तर परसात सहा-सात हरणे निवांत रवंथ करत बसलेली असतात. टाळी वाजवली तर मान वर करून पाहतात. फार तर चार पावले सरकतात.

पहिल्या खेपेला मला कोण आनंद झाला होता! लेकीला मात्र तो झाला नव्हता. तिने लावलेल्या ट्यूलिपच्या कळ्या एका रात्रीत गेल्या होत्या, नुसते देठ उरले होते. घेवड्याचे वेल, मेथीचा वाफा, होस्टा नावाची रुंद पानांची शोभेची झाडे, सगळे फस्त. पुदिन्याला आणि तुळशीला तेवढे तोंड लावले नव्हते. उग्र वासाच्या वनस्पती त्यांना सहसा आवडत नाहीत. तिथल्या रट्गर्स विद्यापीठाने तर हरणे कोणती झाडे खातात नि कोणती टाळतात याची लांबलचक यादीच काढली आहे. रोपवाटिकेत लोक रंग नि सुगंध विचारण्याआधी ‘हरीण खाते का?’ हे विचारतात. बाकी भुकेले हरीण कुठलीही यादी वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

पण ट्यूलिप गेले म्हणून कुणी हरणावर बंदूक रोखत नाही. प्रकरण त्यापेक्षा खोल आहे.

या हरणाला इंग्रजीत पांढऱ्या शेपटीचे हरीण म्हणतात. पळताना ते शेपूट उभारते आणि तिची खालची पांढरी बाजू निशाणासारखी चमकते, म्हणून हे नाव. आपल्या चितळाच्या कुळातले, म्हणजे नराची शिंगे भरीव, फांद्या फुटलेली आणि दर हिवाळ्यात गळून पडणारी. (आपला काळवीट या कुळातला नव्हे. त्याची पिळदार शिंगे आयुष्यभर टिकतात.) १९०० च्या सुमारास हे हरीण अमेरिकेतून नाहीसे होते की काय अशी स्थिती होती. मांसासाठी आणि कातड्यासाठी इतकी शिकार झाली होती की देशभरात पाचेक लाखच उरली असावीत असा अंदाज आहे. मग १९०० मध्ये लेसी कायदा आला आणि चोरट्या शिकारीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकण्यावर बंदी आली. राज्याराज्यांनी शिकारीचे हंगाम ठरवले, काही ठिकाणी हरणे बाहेरून आणून सोडली. आज त्यांची संख्या तीन कोटींच्या आसपास मानतात. वन्यजीव रक्षणाच्या इतिहासात एवढे यश फार थोड्या प्राण्यांच्या वाट्याला आले असेल.

हे यश नियमांनी मिळाले, तसे ते हरणाचे शत्रू आधीच संपल्यामुळेही मिळाले. पूर्वेकडच्या राज्यांतून लांडगे आणि प्यूमा केव्हाच मारले गेले होते. आज तिथे कायोटी आहेत, ते पाडसे उचलतात. पण भरल्या अंगाच्या हरणांचा कळप आटोक्यात ठेवणे त्यांच्या आवाक्यातले नाही. त्यातच जुनी शेते ओस पडून तिथे झाडी वाढली, आणि त्या झाडीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरे उठली. हरणाला दाट जंगल फारसे नको असते आणि उघडे माळरानही नको असते. त्याला हवी असते रानाची कड, लपायला झाडी आणि चरायला कोवळा पाला. उपनगर म्हणजे दुसरे काय? खत-पाणी घातलेली हिरवळ, बागेतली झुडपे आणि मागे आडोसा. शिवाय घरांजवळ बंदूक चालवता येत नाही. न्यू जर्सीत राहत्या इमारतीपासून साडेचारशे फुटांच्या आत शिकाऱ्याला बंदुकीची शिकार करता येत नाही. देशभर शिकारी दरवर्षी साठ लाखांच्या घरात हरणे मारतात, तरी या गल्ल्यांतली हरणे सुरक्षित राहतात, ती यामुळे. पोट भरलेली मादी बहुधा जुळी पाडसे देते. पुढचे गणित कुणीही करावे.

आता रस्त्याचे पाहू. ऑक्टोबर ते डिसेंबर हा नरांचा माजाचा काळ. त्या दिवसांत ते मादीच्या मागे भान विसरून धावतात. नोव्हेंबरात घड्याळे एक तास मागे जातात, आणि लोक कामावरून परततात तेव्हा नेमका अंधार पडलेला असतो. देशभरात वर्षाकाठी दहा लाखांहून जास्त टकरी हरणांशी होतात असे विमा कंपन्यांचे हिशेब सांगतात. प्राण्यांशी झालेल्या टकरींत दरवर्षी दोनशेच्या आसपास माणसे दगावतात. लेकीची गाडीही एकदा स्टेशनवरून येताना अशीच धडकली. एक हरीण रस्ता ओलांडून गेले, तिने वेग कमी केला, आणि मागून दुसरे आले. पुढचा दिवा, बॉनेट, काच, सगळे गेले. तिला काही झाले नाही, हे नशीब. हरीण मात्र रस्त्याकडेला मान वर करण्याचा प्रयत्न करत पडले होते आणि पोलीस येईपर्यंतची वीस मिनिटे ती गाडीत बसून ते पाहत होती. त्या रात्री ती जेवली नाही. तिथे गाडी शिकवतानाच सांगतात की एक दिसले तर मागे आणखी आहेत असे समजा, आणि ऐन वेळी चाक फिरवू नका, ब्रेक लावा. चाक फिरवून झाडावर किंवा समोरच्या वाहनावर जाणारे जास्त मरतात.

तरीही मला विचाराल, तर रस्त्यापेक्षा मोठे भय आहे ते खसखशीच्या दाण्याएवढे.

कनेटिकट राज्यात लाइम नावाचे गाव आहे. १९७५ च्या सुमारास तिथल्या आणि शेजारच्या गावांतल्या बऱ्याच मुलांचे गुडघे सुजू लागले. डॉक्टर म्हणत, बालसंधिवात. पॉली मरे नावाच्या एका आईला ते पटेना. तिच्या स्वतःच्या घरातच दुखणेकरी होते. तिने घरोघरच्या आजारांच्या नोंदी ठेवल्या, आरोग्य खात्याचा पिच्छा पुरवला, आणि येल विद्यापीठाच्या ॲलन स्टीअर यांनी तपास सुरू केला. तिच्या त्या वह्यांचा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. वैद्यकीय पदवी नाही, हाताशी फक्त निरीक्षण आणि चिकाटी. पुढे विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडाच्या पोटात पिळाच्या आकाराचे जंतू पाहिले, आणि १९८२ मध्ये कारण पक्के झाले. आजाराला गावाचे नाव मिळाले, जंतूला संशोधकाचे.

या गोचिडाचे आयुष्य दोनेक वर्षांचे. अंड्यातून निघालेले पिल्लू बहुधा रानउंदराचे रक्त पिते, आणि जंतू त्याला तिथे मिळतो. दुसऱ्या अवस्थेतला गोचीड खसखशीएवढा असतो. मे ते जुलैत तो गवतावरून, पालापाचोळ्यावरून माणसाला चिकटतो. चावलेले कळतही नाही. मोठा झाल्यावर त्याला मोठे जनावर हवे असते, ते म्हणजे हरीण. मादी हरणाच्या अंगावर रक्त पिऊन टम्म फुगते, खाली पडते आणि हजारोंनी अंडी घालते. म्हणजे आजार देतो उंदीर आणि गोचिडाला वाढवते हरीण. हरणाच्या अंगातून जंतू गोचिडात जात नाही. हे मुद्दाम सांगते, कारण तिथल्या सभांतसुद्धा लोक ‘हरणांचा रोग’ म्हणून बोलतात. अमेरिकेत वर्षाला सुमारे पावणेपाच लाख लोकांवर लाइमचे उपचार होतात असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे.

त्या पावणेपाच लाखांत एका वर्षी आमचे जावई होते. जून महिन्यात त्यांच्या पोटरीवर मोठा डाग उठला. पुस्तकात दिलेला डाग कसा असतो? मध्ये लाल, भोवती फिकट, पुन्हा लाल वर्तुळ, नेमबाजीच्या फळीसारखा. पण ही चित्रे गोऱ्या कातडीची. आपल्या सावळ्या रंगावर तो तांबूस-जांभळा, नुसता मुका मार लागल्यासारखा दिसतो. डॉक्टरांनी तो ॲलर्जीचा ठरवून मलम दिले. पुढे ताप आला, अंग मोडून आले. लोकांना वाटले फ्लू. पाचव्या आठवड्यात एका सकाळी दात घासताना चूळ एका बाजूने गळू लागली. उजवी पापणी मिटेना. लेकीला वाटले, पक्षाघात. वय किती, तर एकेचाळीस! त्या दिवशी आम्ही घरातल्या तिघींनी एकमेकींकडे कसे पाहिले ते मला लिहिता येणार नाही. सुदैवाने दुसऱ्या दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘तुमच्या परसात हरणे येतात का?’ रक्ततपासणी झाली, प्रतिजैविकांचा कोर्स झाला आणि दोन महिन्यांत चेहरा पूर्ववत झाला. सगळ्यांचे इतके लवकर निभावत नाही. काहींची सांधेदुखी आणि थकवा महिनोन् महिने रेंगाळतो.

म्हणून, ज्यांची मुलेबाळे त्या भागात आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी. परसातून आले की अंगावर, विशेषतः गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत हात फिरवून पाहावे. गोचीड दिसला तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावा. आपल्याकडे गुरांच्या गोचिडावर रॉकेल लावतात किंवा काडीचा चटका देतात, तसले काही करू नये. तो लवकर निघाला तर धोका कमी, कारण जंतू अंगात उतरायला बहुधा दिवसभराहून जास्त वेळ लागतो. आणि डाग सावळ्या अंगावर वेगळा दिसतो हे डॉक्टरांना आपणच सांगावे. माणसांसाठीची लस १९९८ मध्ये बाजारात आली होती, ती २००२ मध्ये कंपनीने मागे घेतली. कुत्र्यांना मात्र लस मिळते. लेकीच्या शेजाऱ्यांचा कुत्रा लस घेऊन निर्धास्त गवतात लोळतो आणि मालक पायमोजे विजारीवर ओढून हिंडतात.

गावामागच्या रानात मी रोज फिरायला जाई. उंच ओक, मेपल, सुंदर सावली. पण काही दिवसांनी मला खटकू लागले की इतक्या लांबचे दिसते कसे? मग लक्षात आले की खाली काही नाहीच. हरणाची मान पोचते तिथपर्यंत, चारेक फुटांपर्यंत, रान साफ. ओकची रोपे नाहीत, रानफुले नाहीत, झुडपे नाहीत. आहे ते बाहेरून आलेले, हरणांना न रुचणारे गवत आणि काटेरी बारबेरी. सगळी झाडे म्हातारी आणि खाली एकही नातवंड नाही, असे ते रान आहे. जमिनीलगत आणि झुडपांत घरटी करणारे पक्षी अशा ठिकाणाहून कमी होतात. वनखात्याने एका ठिकाणी आठ फूट उंच जाळीचे कुंपण घातले होते. त्याच्या आत कमरेएवढी झाडोरी माजलेली, बाहेर नुसता पाचोळा. मध्ये फक्त जाळी. मी शिकवत असताना असा प्रयोग मुलांना दाखवायला मिळाला असता, तर फळ्यावरची कित्येक चित्रे वाचली असती.

मग करायचे काय? पकडून दुसरीकडे सोडा, हे सगळ्यांत आधी सुचते. पण पकडण्याच्या धास्तीनेच बरीच हरणे मरतात, आणि त्यांना घ्यायला तयार असलेले गावही सापडत नाही. दुसरा उपाय संततिनियमनाचा. न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर १९९३ पासून माद्यांना गर्भरोधक लस टोचून पाहिली गेली. स्टॅटन आयलंडवर तर २०१६ पासून नरांची चक्क नसबंदी सुरू झाली! तिथे २००८ मध्ये अवघी चोवीस हरणे मोजली होती. खाडी पोहून न्यू जर्सीतून आली असावीत असे म्हणतात. २०१४ मध्ये विमानातून सातशे त्रेसष्ट दिसली, आणि २०१७ चा अंदाज दोन हजारांवर गेला. नसबंदीने संख्या हळूहळू घटली खरी, पण खर्च दशलक्षांच्या डॉलरांत. ही बातमी मी वाचून दाखवली तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, ‘आणीबाणीत एवढे पैसे कुठे लागले होते!’

राहता राहिली गोळी. शेजारच्या प्रिन्स्टनने २००१ मध्ये बाहेरचे तज्ज्ञ नेमबाज बोलावले. मक्याचे आमिष ठेवायचे, रात्री आवाज दाबलेल्या बंदुकीने नेम धरायचा. त्यावरून गावात उभी फूट पडली, प्रकरण कोर्टापर्यंत गेले. तरीही पुढे अनेक गावांनी तोच रस्ता धरला. मांस बहुधा अन्नछत्रांना जाते.

तेव्हा २०२३ च्या शरद ऋतूत आमच्या लेकीच्या गावाने हाच ठराव चर्चेला घेतला, त्या सभेला मीही गेले. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटे, समोर घड्याळ. एक बाई बोलता बोलता रडल्या. त्यांच्या अंगणात दरवर्षी एकच मादी पाडसे घेऊन येत होती. एका गृहस्थांनी मुलाच्या लाइमच्या उपचारांची कहाणी सांगितली. एक म्हणाले, हरणांच्या घरात आपण आलो, ती आपल्या घरात आलेली नाहीत. टाळ्या पडल्या. पण ते तितकेसे खरे नाही. शंभर वर्षांपूर्वी तिथे हरीण औषधालाही सापडत नव्हते, आजचा कळप आपल्या हिरवळीवर पोसलेला आहे. डिस्नेच्या ‘बॅम्बी’ने १९४२ पासून तिथल्या पिढ्यांना शिकारी म्हणजे खलनायक हे शिकवले. मूळ कादंबरी ऑस्ट्रियातली, त्यातले हरीण युरोपातले. डिस्नेने ते बदलून अमेरिकन, पांढऱ्या शेपटीचे केले. त्यामुळे त्या सभागृहातले प्रत्येक जण आपापला बॅम्बी घेऊन बसले होते.

मला राहून राहून आमचा माळ आठवत होता. नान्नजकडे माळढोकासाठी, रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्ये आहेत. काळवीट कायद्याने पूर्ण सुरक्षित, आणि असावाही. पण कळप रात्री कोवळ्या ज्वारीत उतरतो तेव्हा नुकसान होते ते दोन-चार एकरवाल्याचे. पंचनामा, अर्ज, भरपाईची वाट. माझा भाऊ त्यातून गेलेला आहे. तो काळविटाला शिव्या देतो आणि उन्हाळ्यात बांधावर त्यांच्यासाठी पाण्याची कुंडीही भरून ठेवतो. न्यू जर्सीतल्या बागवाल्यांशी त्याची तुलना मला करवत नाही. मात्र एक फरक महत्त्वाचा. सोलापूरच्या माळावर लांडगा अजून शिल्लक आहे. थोडे आहेत, मेंढपाळांचा रोष घेऊन जगतात, पण आहेत आणि काळवीट मारतात. अमेरिकेत आल्डो लिओपोल्ड यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहिले, की लांडगे संपवले की हरणे डोंगर खाऊन टाकतात. स्वतः लांडगा मारलेल्या माणसाने हे लिहिले आहे. न्यू जर्सीच्या गल्लीत लांडगा आणता येणार नाही. म्हणून लांडग्याचे काम माणसाला पगारी माणूस नेमून करून घ्यावे लागते, असा हा हिशेब आहे.

हरणे मारल्याने गोचीड कमी होतात का, हा प्रश्नही सभेत निघाला. मेन राज्यातल्या मॉन्हीगन बेटावर १९९९ पर्यंत सगळी हरणे काढून टाकली, तेव्हा गोचीड फार कमी झाले. पण ते बेट. जिथे थोडी कमी केली आणि शेजारून नवी आली, तिथे तसा परिणाम सगळीकडे दिसलेला नाही. माझे मत विचाराल तर ठराव रानासाठी आणि रस्त्यासाठी करावा, गोचिडाच्या नावाने करू नये. नाहीतर दोन वर्षांनी लोक म्हणतील, मारली तरी आजार आहेच.

सभेत आमची लेक उठली. तिने जावयांच्या चेहऱ्याचे सांगितले, गाडीत बसून काढलेली वीस मिनिटे सांगितली, आणि ठरावाच्या बाजूने बोलली. तीन मिनिटांतले अर्धे मिनिट उरले होते. माझी नऊ वर्षांची नात पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. परसात येणाऱ्या सगळ्या हरणांना तिने नावे दिली होती, त्यातल्या एका कान फाटक्या मादीचे नाव तर माझ्यावरून ठेवले होते. ठराव मंजूर झाला. जानेवारीत काम सुरू होईल, त्या दिवसांत संध्याकाळी चारनंतर उद्यान बंद राहील, अशी सूचना टपालाने घरी आली.

नात दोन दिवस आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर दप्तर टाकून तिने एकच विचारले, ‘आजी, माणसांना कान फाटका आहे ते अंधारात दिसतं का गं?’